शाळेच्या अंगणातील परसबाग : वसंत ऋतूचा यत्नाचार

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा पाठ)



सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने संस्थेच्या पन्नास वर्षांच्या कार्याचा हिशेब मांडला जातो. इमारती, ग्रंथालय, शिष्यवृत्त्या, दात्यांची नामावली हे सारे त्या हिशेबात येते आणि ते उचितही आहे. शाळेचे अंगण मात्र कोणत्याही ताळेबंदात येत नाही. प्रार्थनेच्या वेळी मुले तेथे उभी राहतात, मधल्या सुट्टीत धावतात, एरवी ते रिकामेच असते. त्या अंगणाच्या कडेला, भिंतीलगत दोन-तीन वाफे करून मुलांच्या हातून भाजी पिकवावी, हा विषय वरवर पाहता अशा मंगल समारंभाला लहान वाटेल. परंतु या लहान विषयात जैन कुटुंबाला पडणारा एक मोठा प्रश्न दडलेला आहे. बागेसाठी माती हलवावी लागते, पाणी घालावे लागते, पिकावर कीड येते. अहिंसा हाच ज्या घराचा कुलधर्म, त्या घरातील मुलाने हे काम करावे की करू नये?

या प्रश्नाचे उत्तर घाईने देता येत नाही. म्हणून प्रथम आक्षेपाचे म्हणणे नीट ऐकून घेणे योग्य ठरेल.

आक्षेपाचे बळ

जैन दर्शनाने पृथ्वी, पाणी, अग्नी, वायू आणि वनस्पती यांच्या ठिकाणी एकेंद्रिय जीव मानले आहेत. खुरप्याचा एक घाव म्हणजे पृथ्वीकायाची विराधना. त्या मातीत राहणारे गांडूळ, मुंगी, वाळवी हे तर हालचाल करणारे त्रसजीव. श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत भूमी खणण्या-फोडण्याचा धंदा, म्हणजे स्फोटकर्म, याचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणून घरातील एखादे आजोबा नातवाच्या हातातील खुरपे पाहून व्यथित होत असतील, तर त्यांच्या व्यथेमागे शतकानुशतकांचा विचार उभा आहे. तिची थट्टा करून बाग फुलणार नाही.

मात्र ज्या परंपरेने हा आक्षेप दिला, तिनेच हिंसेकडे तीन बाजूंनी पाहण्यास शिकवले आहे. स्वतः केलेली ती कृत, दुसऱ्याकडून करविलेली ती कारित आणि दुसऱ्याने केलेल्या कृत्याला दिलेली संमती ती अनुमोदित. मंडईतून पिशवीत येणाऱ्या भेंडीच्या मागे कोणाचा तरी नांगर असतो, कोणाची तरी कुदळ असते आणि अनेकदा कीटकनाशकाची फवारणीही असते. त्या फवारणीत अळी मरते, मावा मरतो आणि काही कारण नसताना मधमाशीही मरते. विकत घेणाऱ्याच्या हाताला माती लागत नाही, औषधाचा वासही येत नाही. तेवढ्याने हिंसा टळली असे होत नाही. ती नजरेआड झाली, इतकेच.

तत्त्वार्थसूत्रात आचार्य उमास्वातींनी हिंसेची व्याख्या करताना प्रमादाला, म्हणजे बेसावधपणाला, अग्रस्थान दिले आहे. दशवैकालिक सूत्राने चालताना, बसताना, उठताना, आहार घेताना जयणा पाळण्यास सांगितले आहे. जयणा म्हणजे यत्न, म्हणजे जपून करणे. आता, जी गोष्ट डोळ्यांना दिसतच नाही, तिच्याविषयी जपून वागणार तरी कसे? शहरात वाढलेल्या मुलाला भेंडी वेलीवर लागते की झाडावर हेही ठाऊक नसेल, तर तिच्यासाठी किती जीवांना उपद्रव झाला याचा विचार त्याच्या मनात कोठून येणार? परसबागेचे खरे प्रयोजन येथे आहे. आहारामागे जे घडते ते मुलाच्या डोळ्यांसमोर घडावे, त्याच्या मर्यादा त्याने स्वतः घालाव्यात आणि जपण्याची सवय त्याच्या हातांना लागावी.

परंपरेची साक्ष

जैन परंपरेत कृषीचे स्थान अगदी आरंभापासून आहे. नवव्या शतकात आचार्य जिनसेनांनी रचलेल्या आदिपुराणात कल्पवृक्ष क्षीण झाल्यावर भयभीत झालेल्या प्रजेला भगवान ऋषभदेवांनी असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही सहा कर्मे शिकविल्याचे वर्णन आहे. भुकेलेल्या प्रजेला त्यांनी उपवासाचा उपदेश केला नाही, जगण्याची रीत दाखविली. पुढे संयमाचा मार्गही त्यांनीच दाखविला. दोन्ही गोष्टी एकाच चरित्रात आहेत, हे विसरता कामा नये.

उपासकदशांग सूत्रातील आनंद श्रावकाची कथा सर्वपरिचित आहे. भगवान महावीरांपुढे व्रते घेताना आनंदाने शेती सोडली नाही. पाचशे नांगरांना पुरेल एवढ्या भूमीपलीकडे भूमी ठेवणार नाही, असे परिमाण त्याने केले. आजच्या दृष्टीने पाचशे नांगर ही अफाट संपत्ती आहे. परंतु ध्यानात घेण्याजोगा शब्द परिमाण हा आहे. किती, याची रेषा त्याने स्वतः आखली. गृहस्थाच्या हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार सांगून, संकल्पी हिंसेचा पूर्ण त्याग आणि उरलेल्या तिन्हींत शक्य तेवढी घट, असा मार्ग आचार्यांनी आखून दिला, त्याच्याशी हे सुसंगतच आहे.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर कोल्हापूर, सांगली आणि लगतच्या बेळगाव भागातील दिगंबर जैन समाज पिढ्यान्‌पिढ्या शेती करीत आला आहे. त्याच समाजात २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे कर्मवीर भाऊराव पाटील जन्मले. १९१९ साली काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. पुढे साताऱ्याच्या वसतिगृहात जातिधर्माचा भेद न ठेवता मुले एकत्र राहिली, स्वतः स्वयंपाक करू लागली, शेतात राबू लागली. ‘कमवा आणि शिका’ या सूत्राचा अर्थ त्या मुलांना फळ्यावर कळला नव्हता, तो त्यांना वाफ्यात कळला होता. शाळा आणि माती यांची सांगड घालणारा महाराष्ट्रातील हा थोर शिक्षणमहर्षी जैन कुळातील होता, याचे स्मरण आजच्या प्रसंगी औचित्याचे ठरेल.

अलीकडच्या काळात शासनानेही या गोष्टीकडे लक्ष दिले आहे. शाळांमधील पोषण परसबागांविषयी केंद्र शासनाने २०१९ साली मार्गदर्शक सूचना काढल्या. मध्यान्ह भोजन योजनेला २०२१ साली ‘पीएम पोषण’ हे नाव मिळाले आणि त्या योजनेतही परसबागेला स्थान आहे. मात्र शासनाचा हेतू पोषणाचा आहे. जैन संस्थेच्या शाळेत त्या हेतूला यत्नाचाराची जोड मिळाली, तर ती बाग वेगळी दिसेल. ती कशी दिसेल, हे वसंत पंचमी ते अक्षय तृतीया या जवळजवळ तीन महिन्यांच्या क्रमाने पाहू जाता सहज लक्षात येईल.

माघ : पालापाचोळा आणि वाफा

शिशिर सरता सरता अंगणातील कडुनिंब, पिंपळ, बदाम यांची पाने गळू लागतात. बहुतेक शाळांमध्ये शिपाई रोज सकाळी ती झाडून कोपऱ्यात ढीग करतो आणि संध्याकाळी त्याला काडी लावतो. कोणाला त्यात काही वावगे वाटत नाही. वस्तुतः त्या ढिगात आश्रयाला आलेले असंख्य किडे, कोळी, मुंग्या जिवंत जळतात. कर्मादानांत दवदान, म्हणजे आग लावणे, याचाही निषेध आहे. खुरप्याच्या एका घावाने अस्वस्थ होणारा समाज या रोजच्या आगीकडे मात्र पाहत नाही. म्हणून जैन शाळेतील बागेचे पहिले व्रत हेच असावे की, अंगणातील एकही पान जाळले जाणार नाही.

त्या पानांचाच वाफा होतो. जमीन खोल खणण्याची आवश्यकता नाही. दहा फूट लांब आणि तीन फूट रुंद अशी विटांची चौकट जमिनीवर मांडावी, तिच्यात सुक्या पानांचा जाड थर, त्यावर चांगले कुजलेले शेणखत आणि त्यावर माती पसरावी. रुंदी तीन फुटांहून अधिक नको, कारण दोन्ही बाजूंनी मुलांचे हात मध्यापर्यंत पोहोचले पाहिजेत. वाफ्यात पाय ठेवावा लागला नाही की माती दबत नाही आणि तिच्यातील जीवही चिरडले जात नाहीत. पानांच्या थरात गांडुळे आपण होऊन येतात आणि कुदळीचे काम तीच करतात. उरलेली पाने एका कोपऱ्यात साठवून ठेवावीत. तो ढीग वरचेवर उपसू नये. उन्हाळ्यात आच्छादनासाठी त्याचाच उपयोग होतो.

काय पेरावे आणि काय पेरू नये

जैन शाळेच्या वाफ्यात कांदा, लसूण, बटाटा, मुळा, गाजर, बीट, रताळे असणार नाही, हे सांगण्याची आवश्यकता नाही. परंतु ते का नाही, हे मुलांना बहुधा ‘आपल्यात चालत नाही’ एवढ्याच शब्दांत सांगितलेले असते. बागेत त्याचे कारण हाताला कळते. भेंडीची शेंग तोडली तरी झाड उभे राहते आणि एक-दोन दिवसांत पुन्हा शेंग देते. मुळा काढायचा म्हणजे झाडच उपटायचे, त्याच्या मुळांभोवतीचे मातीतील जीव विस्कटायचे आणि त्या झाडाचे जगणे तेथेच संपवायचे. कंदमुळांना अनंतकाय का म्हटले, हा शास्त्राचा पुढचा पाठ आहे. त्या पाठाची पूर्वतयारी या वाफ्यात होते. वांगे बहुबीज म्हणून अनेक घरांत वर्ज्य आहे, तेही लावू नये. शाळेतील प्रत्येक घराला निःशंकपणे नेता येईल, अशीच भाजी तेथे असावी.

श्वेतांबर मूर्तिपूजक परंपरेत फाल्गुन चौमासीपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत पालेभाजी वर्ज्य मानतात. बागेतील क्रम या नियमाशी सहज जुळतो. पौषात किंवा माघाच्या प्रारंभी पेरलेली मेथी आणि कोथिंबीर फाल्गुन शुक्ल चतुर्दशीपूर्वी काढून होते. उन्हाची झळ वाढली की मेथी, पालक, कोथिंबीर फुलावर येतात, दांडे निबर होतात आणि कोवळेपणा जातो. ऋतूच पालेभाजीला निरोप देत असतो. त्यानंतर वाफ्यात फळभाज्या आणि शेंगभाज्या असतात : भेंडी, गवार, चवळी, काकडी, दोडका, कारले, दुधी.

भेंडीचे बी कठीण कवचाचे असते. ते रात्रभर भिजवून दुसऱ्या दिवशी पेरले तर उबदार हवेत आठवडाभरात उगवते. बी शक्य तो सरळ वाणाचे असावे, संकरित नको, म्हणजे पुढील वर्षासाठी घरचे बियाणे धरता येते. परभणीच्या कृषी विद्यापीठाने विकसित केलेले ‘परभणी क्रांती’ हे भेंडीचे वाण केवडा रोगाला बऱ्याच अंशी तोंड देणारे म्हणून प्रसिद्ध आहे. वेलभाज्यांना भिंतीलगत तारेचा किंवा काठ्यांचा मांडव द्यावा. गवार आणि चवळी यांच्या मुळांवरील गाठींतील सूक्ष्म जिवाणू हवेतील नत्र जमिनीत आणतात, म्हणून भेंडीच्या शेजारी त्यांची ओळ असावी. एक जीव दुसऱ्या जीवाच्या उपयोगी पडतो, हे तत्त्व मुलांनी पाठशाळेत पाठ केलेले असते. येथे ते उगवलेले दिसते.

फाल्गुन आणि चैत्र : फुले आणि पाहुणे

पेरणीनंतर साधारण चाळीस दिवसांनी भेंडीला फूल येते. पिवळ्या पाकळ्या आणि आत गर्द तांबडा डोळा असे ते फूल सकाळी उमलते आणि त्याच दिवशी मिटते. काकडीच्या वेलीवर पहिल्या आठवड्यात येणारी फुले गळून पडतात आणि मुले हिरमुसतात. ती नरफुले असतात. नंतर येणाऱ्या मादीफुलामागे बोटाच्या पेराएवढी इवलीशी काकडी आधीपासूनच असते. तिच्यात फळ धरायचे तर नरफुलातील पराग तेथे पोहोचला पाहिजे आणि ते काम मधमाशी करते. मध त्याज्य मानणाऱ्या समाजातील मुलाला मधमाशीचे खरे दान येथे पाहायला मिळते. मधाचे पोळे न लुटताही माणूस मधमाशीचा ऋणी आहे, हे त्याच्या ध्यानात येते. दशवैकालिक सूत्राच्या पहिल्याच अध्ययनात साधूच्या भिक्षेला भ्रमराची उपमा दिली आहे. फुलाला क्लेश न देता भ्रमर आपल्यापुरते घेतो. ही उपमा ऐकलेल्या मुलाने काकडीच्या फुलावर ती एकदा प्रत्यक्ष पाहावी.

दुधीचे पांढरे फूल सायंकाळी उमलते आणि त्याला रात्रीचे पतंग भेट देतात. त्या वेली शाळेच्या दिव्याखाली असतील तर पतंग फुलाऐवजी दिव्याकडे जातात आणि मरतात. म्हणून मांडवाजवळचा दिवा रात्री बंद ठेवावा. रात्री दिवा लावून जीवांना ओढून घेऊ नये, या जुन्या शिकवणीची आठवण येथे कोणालाही होईल.

किडीची कसोटी

चैत्राच्या उन्हात कीड येते आणि बागेची खरी कसोटी लागते. भेंडीच्या पानांखाली मावा आणि तुडतुडे दिसतात. कारल्याच्या कोवळ्या फळात फळमाशी अंडी घालते. पांढरी माशी केवडा रोग पसरविते, पानांच्या शिरा पिवळ्या पडतात. अशा वेळी मुले विचारतात, आता काय करायचे?

पहिली गोष्ट अंतर राखण्याची. जुन्या मच्छरदाणीचे कापड रोपांवर घातले तर माशी पोहोचतच नाही. फुले आली की परागीभवनासाठी ते काढावे लागते. कारले लहान असतानाच त्याला कागदाची पिशवी घालावी. केवडा झालेले झाड लवकर ओळखून उपटावे लागते. एक झाड काढून उरलेली वाचवायची, हा निर्णय मुलांनी शिक्षकांच्या समोर, विचार करून घ्यावा. तो सोपा नसतो आणि सोपा वाटूही नये.

दुसरी गोष्ट वाट्याची. वाफ्याच्या टोकाची दोन-तीन झाडे किडीसाठी सोडून द्यावीत. तेथे मावा राहतो आणि त्याला खाणारे ढालकिडेही तेथेच येतात. माव्याला ढालकिड्यापासून वाचवावे का, असा प्रश्न एखादा चौकस विद्यार्थी विचारल्याशिवाय राहत नाही. ढालकिड्याला व्रत घेता येत नाही, माणसाला घेता येते. म्हणून नियम माणसाने स्वतःपुरता करावा. मारणारा हात आपला नसावा, एवढे त्या मुलाला सांगणे पुरेसे आहे.

तिसरी गोष्ट प्रामाणिकपणाची. निंबोळी अर्काला सर्रास ‘अहिंसक औषध’ म्हटले जाते. रासायनिक विषाच्या तुलनेत तो पुष्कळ सौम्य आहे हे खरे. परंतु त्याने किडीचे खाणे थांबते, अळीची वाढ खुंटते आणि कोवळ्या अळ्या मरतातही. मुलांना हे जसेच्या तसे सांगावे. शाळेच्या बागेला फवारणीची आवश्यकताच नाही, कारण तिच्यावर कोणाचे पोट अवलंबून नाही. अर्धी भेंडी किडली तरी कोणाच्या घरची चूल विझत नाही. शेतकऱ्याला ही सवलत नसते. त्याच्या डोक्यावर कर्ज असते, मुलीचे शिक्षण असते, बाजारात किडकी भेंडी कोणी घेत नाही. डाग असलेली भेंडी बाजूला सारणारे गिऱ्हाईकच त्याला फवारणीकडे ढकलत असते. हे ज्या मुलाला बागेत उमगेल, तो मोठेपणी शेतकऱ्याला हिंसक म्हणून नाक मुरडणार नाही. किंचित किडलेली भेंडी घेताना कां कूं करणार नाही आणि विषमुक्त भाजीला दोन पैसे अधिक देताना घासाघीस करणार नाही. अनुमोदना कशाला द्यायची आणि कशाला नाही, हे त्याला समजले असे म्हणता येईल.

तोडणी, तिथी आणि बियाणे

जैन मंदिरांत लेश्यावृक्षाचे चित्र अनेकांनी पाहिले असेल. जांभळाच्या झाडाखाली सहा भुकेले पुरुष आहेत. एक झाड मुळापासून तोडू पाहतो, दुसरा फांदा, तिसरा फांदी, चौथा घोस, पाचवा फक्त पिकलेली फळे आणि सहावा खाली पडलेली फळे वेचतो. परसबागेत हे चित्र रोज जिवंत होते. मेथीची जुडी मुळासकट उपटता येते, तशीच ती कात्रीने वरून खुडताही येते आणि खुडलेली मेथी थोडी पुन्हा फुटते. भेंडी ओढून काढली तर फांदी चिरते, देठाशी कापली तर झाडाला कळतही नाही. तोच हात, तीच भूक, परंतु परिणाम वेगळा.

फूल गळाल्यापासून पाच-सहा दिवसांत भेंडी तोडणीला येते. एक दिवसाआड तोडली नाही तर ती निबर होते. अष्टमी आणि चतुर्दशीला अनेक घरांत हिरवी भाजी खात नाहीत. चैत्र शुक्ल सप्तमीपासून पौर्णिमेपर्यंत आयंबिलाची ओळी असते, तिच्यात हिरवी भाजी नसते आणि चैत्र शुक्ल त्रयोदशीला भगवान महावीरांचे जन्मकल्याणक. अशा तिथींना बागेत तोडणी नसावी. मग त्या काळात निबर झालेल्या भेंडीचे काय? ती झाडावरच ठेवावी. महिनाभरात ती वाळून तडकते आणि तिच्यातून पुढील वर्षाचे बियाणे मिळते. ज्या दिवशी घेतले नाही, त्याच दिवसाचे पुढे बीज झाले, असा हा त्यागाचा हिशेब आहे. तो मुलांना गणिताच्या तासालाही समजावता येईल : एका वाळलेल्या शेंगेत किती बिया, किती बियांचा एक वाफा.

पाणी आणि सुट्टी

पाणी सकाळी, उजाडल्यानंतर, कोवळ्या उन्हात घालावे. अंधारात पाणी घालणाऱ्याला वाफ्यावर काय चालले आहे ते दिसत नाही. सायंकाळचा ओलावा रात्रभर पानांवर राहिला तर बुरशीही वाढते. साठवलेल्या पालापाचोळ्याचे आच्छादन रोपांच्या बुडाशी घातले की ओल टिकते आणि पाणी कमी लागते. अप्कायाची जयणा याहून वेगळी नाही. हंडा भरताना तोंडाला कापड बांधावे आणि त्यावर राहिलेली जीवाणी जेथले पाणी तेथेच सोडावी. ही रीत आजीच्या घरातून जवळजवळ हद्दपार झाली आहे. शाळेच्या अंगणात ती पुन्हा रुजू शकेल.

मे महिन्यात शाळा बंद होते आणि पुष्कळ शाळांची बाग तेथेच संपते. तसे होऊ नये यासाठी वाफ्यात मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरावे, त्यात पाणी भरावे आणि तोंडावर झाकण ठेवावे. मडक्याच्या सच्छिद्र मातीतून पाणी हळूहळू झिरपते आणि दोन-तीन दिवसांतून एकदा भरले तरी मुळांना ओल मिळते. झाकण विसरू नये, अन्यथा मुंग्या आणि किडे आत पडतात. गावात राहणाऱ्या चार-पाच कुटुंबांनी पाळीपाळीने मडकी भरण्याचे काम अंगावर घेतले तर बाग उन्हाळा काढते. पक्ष्यांसाठी ठेवलेल्या परळातील पाणीही रोज बदलले जाते.

विश्वस्त आणि पालकांपुढे निवेदन

या सर्व विवेचनानंतर विश्वस्त मंडळापुढे चार साध्या गोष्टी ठेवाव्याशा वाटणे स्वाभाविक आहे. शाळेच्या आवारात पालापाचोळा जाळणे कायमचे बंद व्हावे. बागेत कोणतेही विष येऊ नये, मग पीक कमी आले तरी चालेल. बागेसाठी वेळापत्रकात आठवड्यातून दोन तासिका असाव्यात, शिक्षा म्हणून कोणाला बागेत पाठवू नये. आणि एक वही असावी, तिच्यात मुलांनी पेरणीची तिथी, पहिले फूल, आलेली कीड, तोडलेली भाजी आणि सोडून दिलेला वाटा हे सारे रोज लिहावे. पन्नास वर्षांनी शताब्दीच्या वेळी त्या वह्या संस्थेच्या इतिहासाचे एक साधन ठरतील.

पालकांसाठी मागणे एवढेच की, मुलाने नखांत माती घेऊन घरी आल्यावर त्याला प्रथम प्रश्न विचारावा : आज काय पाहिले? हात धुण्यास नंतर सांगावे. ज्या घरी त्याच्या हातची चार भेंड्यांची भाजी सर्वांच्या ताटात एकेक फोड वाढली जाईल, त्या घरात अन्न टाकून देण्याचे पाप आपोआप कमी होईल.

आक्षेप घेणाऱ्या वडीलधाऱ्यांना तर बागेत अग्रमानाने बोलवावे. कोणता जीव कोठे असतो, पाय कसा टाकावा, पाणी कसे गाळावे, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक आहे? त्यांची काळजी हीच या बागेची मर्यादा आखणारी रेषा आहे.

वसंत ऋतूचा हा क्रम वैशाख शुक्ल तृतीयेला, अक्षय तृतीयेला, येऊन थांबतो. त्या दिवशी हस्तिनापुरात श्रेयांसकुमारांनी भगवान ऋषभदेवांना इक्षुरसाचा आहार दिला आणि दीर्घ उपवासाचे पारणे झाले. त्यांना इतका काळ आहार का मिळाला नाही, याचे कारण सांगणारी एक कथा वर्षीतपाच्या निमित्ताने ऐकविली जाते. खळ्यातील बैल धान्य खातात म्हणून शेतकरी त्यांना मारीत होते, तेव्हा बैलांच्या तोंडाला मुसके बांधण्याची युक्ती त्यांनी सांगितली. मार थांबला, पण बैलांच्या तोंडचा घास गेला आणि त्या अंतरायाचे फळ त्यांना पुढे भोगावे लागले. ज्यांनी मानवाला कृषी शिकविली, त्यांच्याच चरित्रात ही कथा जोडलेली आहे. पिकविणाऱ्याने मुक्या जीवाचा वाटा आधी बाजूला काढावा, हे तिचे सांगणे आहे.

टोकाची दोन-तीन झाडे किडीसाठी, परळातील पाणी पक्ष्यांसाठी, वाळलेली शेंग पुढच्या वर्षीच्या मुलांसाठी आणि उरलेली भाजी आपल्या ताटासाठी, एवढी वाटणी ज्या शाळेच्या अंगणात होईल, तेथे अहिंसेचा पाठ रोज गिरवला जाईल. सुवर्णमहोत्सवी वर्षात या संस्थेच्या अंगणात असे दोन वाफे तयार व्हावेत, ही मंगलकामना.

जय जिनेंद्र.